आबांनी ऐकलेली कादंबरी

मला कादंबऱ्यांचं वेड आहे, आणि तेही आत्ताच्या कादंबऱ्यांचं. आत्ताच्या म्हणजे ज्यांतली माणसं मोबाईल चार्जिंगला लावून झोपतात, ज्यांच्या सासऱ्याला शुगर आहे आणि ज्यांच्या मुलाला पुण्यात खोली मिळत नाही. शाळेत आम्हाला जुन्या कादंबऱ्या वाचायला लावायचे. त्या चांगल्याच होत्या, पण त्यांतलं कुणी मला साताऱ्याच्या रस्त्यावर कधी भेटलं नाही. पुढे कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडून नवीकोरी कादंबरी हाती आली. तिच्यातली मुलगी महाबळेश्वरच्या हॉटेलात रिसेप्शनवर काम करायची आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक आटलं की खोल्याखोल्यांतून भिंतींची बुरशी पुसत फिरायची. मी राजवाड्यासमोरच्या बाकावर बसून ती वाचली. माझी एक मामेबहीण अगदी हेच काम करत होती. तिच्या हाताला येणारा त्या बुरशीचा वास कुणी छापील पुस्तकात लिहील असं मला वाटलंच नव्हतं. त्या दिवसापासून मला जे लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही.

लग्न होऊन सांगलीला आले, एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम धरलं, आणि वाचन तिथेही चालूच ठेवलं. रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये घालून फिरायला लावल्या की थोडा वेळ हात रिकामे असतात. तेवढ्यात दोन पानं होतात. दोन पानं म्हणजे काहीच नाही असं लोकांना वाटतं, पण चांगल्या कादंबरीची दोन पानं दिवसभर पुरतात. सुई टोचताना मी पेशंटशी बोलत असते आणि डोक्यात मागे कुठेतरी कुणाचं तरी भांडण चालू असतं.

घरात मात्र वाचणारी मी एकटीच. नवऱ्याचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. तो माणूस लाख चांगला, पण त्याला पुस्तक म्हटलं की पाइपांचा कॅटलॉगच आठवतो. मी उत्साहाने त्याला एखादी गोष्ट सांगायला लागले की तो म्हणतो, "हे खरं घडलंय का?" मी नाही म्हटलं की त्याचा रस संपतो. मुलगी शिकायला बाहेरगावी. त्यामुळे एखादी कादंबरी संपल्यावर ती कुणाला तरी सांगावी, हे घ्या आणि वाचा म्हणावं, त्यावर तावातावाने भांडावं, अशी जी भूक लागते, ती माझी कित्येक वर्षं तशीच राहिली होती.

ती भागवली माझ्या सासऱ्यांनी. ह्यावर आमच्याकडे अजूनही कुणाचा पटकन विश्वास बसत नाही.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. कराडजवळ नदीकाठाला आमचं गाव आहे. ऊस आहे, तो धाकटे दीर बघतात. आबा सैन्यातून सुभेदार होऊन घरी आले. ताठ कणा, मोजकं बोलणं, आणि बोललं तर ते बहुतेक हुकुमासारखं. टॉवेल वाळत घालतील तर कडा अशा जुळवून की वाटावं आत्ता कुणीतरी तपासायला येणार आहे. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या वतीने त्या बोलायच्या. त्या गेल्यावर गावच्या घरात आबांचा आवाजच ऐकू येईना, असं जाऊबाई म्हणायच्या.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा ऑपरेशनसाठी आम्ही त्यांना सांगलीला आणलं. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा, आणि मग चष्म्याचा नंबर. तोपर्यंत वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आबांचं वाचन म्हणजे रोजचा पेपर. पण तो ते पहिल्या ओळीपासून निधनवार्तांपर्यंत वाचत. ते बंद झाल्यावर माणूस काळा चष्मा लावून गॅलरीत बसायला लागला. संध्याकाळी लॅबमधून आले की मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. ते ऐकत. मध्येच "फुडं" म्हणत. संपला की "बरं" म्हणत. एवढंच आमचं बोलणं.

दिवाळीत एक दिवस पेपर येत नाही. त्या संध्याकाळी मी घरीच होते. फराळाचं आवरून, पाय पसरून कादंबरी घेऊन बसले होते. आबा गॅलरीतून म्हणाले, "आज न्हाई व्हय वाचायचं?"

"पेपरला सुट्टी आहे आबा."

"मग तू काय वाचतीयास?"

"कादंबरी आहे."

आबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "त्येच वाच की. नुसतं बसून करायचं काय?"

ती कादंबरी मी मध्यापर्यंत वाचली होती आणि पार त्यात बुडाले होते. जतच्या बाजूच्या एका गावातली बाई. नवरा दूर कामाला गेलेला, तो येतो-येतो म्हणतो आणि येत नाही. दारात त्याचा पाण्याचा टँकर उभा. एक दिवस ती स्वतःच लायसन काढते आणि टँकर चालवायला लागते. तिची सासू कर्नाटकातली, फक्त कानडी बोलणारी. सुनेवर विश्वास नाही म्हणून ती रोज केबिनमध्ये तिच्या शेजारी येऊन बसते. वाडी-वस्तीवर पाणी देत दोघींचा दिवस जातो. एवढीच गोष्ट. पण लिहिणाऱ्याने त्या दोघींचं भांडण असं लिहिलं होतं की मी लॅबमध्ये एकटीच हसत बसायची.

आबांना हे काय आवडणार, ह्या भीतीने मी पहिल्या पानापासून सुरू केलं. म्हटलं, दोन पानांत "बरं" म्हणतील. बाई क्लच सोडायला शिकते तो भाग आला. आबा नेहमीसारखे पुतळ्यासारखे बसलेले. मी थांबले.

"फुडं," ते म्हणाले.

त्या एका संध्याकाळी आम्ही तीन प्रकरणं वाचली. नवरा फटाक्यांचा कचरा काढून वर आला आणि आम्हा दोघांकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी पेपर आला. मी तो उघडला तशी आबा घसा खाकरून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे आज. त्या बाईचं काय झालं ते बघू आदी."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सासूची वाक्यं यायला लागली. ती लेखकाने देवनागरीत पण कानडीतच ठेवलेली. काहींचा अर्थ मागच्या-पुढच्या बोलण्यातून लागायचा, काहींचा नाही. मी अडखळत वाचत होते. एका ठिकाणी टँकरचं चाक चिखलात रुततं, सून रडकुंडीला येते आणि सासू म्हणते, "होगली बिडु." मी ते काहीतरी भलतंच वाचलं.

"होगली बिडु," आबा म्हणाले. अगदी सहज. त्यातला सूर पण वेगळाच, ओढून सोडल्यासारखा. "जाऊ दे, सोड, असं म्हणतीया ती. फुडं वाच."

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. "आबा, तुम्हाला कानडी येतं?"

त्यांनी मान डोलावली.

मी चकित का झाले ते सांगायला हवं. माझ्या सासूबाई जतच्या पलीकडच्या, अगदी हद्दीवरच्या गावच्या. माहेरी दोन्ही भाषा. लग्नानंतर घरात त्या मराठीच बोलायच्या, पण त्यांची धाकटी बहीण तिकडेच दिलेली, तिच्याशी मात्र कानडीत. घरात फोन आला तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लागला की दोघींचं बोलणं सुरू. आबा तिथेच दारात खुर्ची टाकून बसलेले असत. आम्ही सगळे म्हणायचो, बरंय, आबांना काही कळत नाही, नाहीतर ह्यांचं काय काय ऐकावं लागलं असतं. आबांच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

"सगळं कळायचं तुम्हाला?" मी विचारलं.

"कळायचं की."

"आणि कधी बोलला नाहीत?"

आबांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जे बोलले ते माझ्या लग्नानंतरचं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं असेल.

"लगीन ठरलं तवा मी बेळगावला हुतो. शेजारच्या खाटंवर धारवाडकडचा गडी. म्हटलं, हिच्या म्हायेरी जायचं तर चार शब्द यायला पायजेत. त्येच्याकडनं शिकलो. लय शिकलो. म्हटलं, सासऱ्याम्होरं एकदम कानडीत बोलून चकित करतो. लगीन झालं, सुट्टीवर आलो, तिच्या म्हायेरी गेलो. पहिल्याच दिवशी तुझी सासू आत बहिणीला सांगत हुती. म्हणली, मानूस दिसायला बरा हाय, पर जेवताना तोंडाचा आवाज लय करतो, म्हशीसारखा."

मला हसू आवरेना. आबाही गालात हसत होते.

"मग?"

"मग काय! तवाच बोललो असतो तर तिनं लाजनं तोंड दाकवलं नसतं. गप बसलो. आनि तोंड मिटून जेवाय शिकलो."

"पण नंतर तरी सांगायचं."

"एकदा गप बसल्यावर मग सांगायचं कवा?" आबा म्हणाले. "दोन वरसांनी? पोरं झाल्यावर? तिला वाटलं असतं, ह्यो मानूस इतकी वरसं चोरून ऐकतोय. आनि त्येचा उपेग बी व्हायचा. तिच्या मनातलं कळायचं. तोंडावर ती कंदी काय मागायची न्हाई. बहिणीला सांगायची, पाट दुकतीया, पान्याची घागर उचलवंना. दुसऱ्या दिवशी मी घागर भरून ठेवायचो. तिला वाटायचं, ह्यांना आपसूक कळलं."

इतकं बोलून त्यांनी गॅलरीतून खाली बघितलं आणि म्हणाले, "फुडं वाच. चाक निघालं का न्हाई?"

त्यानंतर वाचनाची पद्धतच बदलली. मराठी मी वाचायची, कानडी अडलं की आबा सांगायचे. नुसता अर्थ नाही, तर ही सासू कुठल्या बाजूची असेल, विजापूरकडची की आणखी खाली, हेही. लेखकाने कुठे शब्द चुकीचा टाकला असेल तर "हितं चुकलंय, पर चालतंय" असा शेरा. मला इतकी वर्षं हवा होता तो माणूस माझ्या घरातच, टॉवेलच्या कडा जुळवत बसला होता.

आबा सकाळी फिरायला जात ती बाग आमच्या घरापासून जवळ आहे. तिथे त्यांच्यासारखेच निवृत्त चार-दोन लोक जमतात. एकदा मी त्यांना आणायला गेले तर आबा मधोमध बसून सांगत होते, "काल त्या बाईला आरटीओवाल्यानं अडवलं. कागद मागाय लागला. म्हातारी केबिनमधनं उतरली आनि कानडीत अशी तोफ डागली का त्यो गडी गाडीच सोडून पळाला."

"कुठं झालं हे?" एका काकांनी विचारलं.

"जतच्या पुढं."

"तुमच्या नात्यातली हाय का?"

आबांनी मला बघितलं. मग म्हणाले, "व्हय, म्हणायला हरकत न्हाई."

मी तिथे हसू दाबलं. नवऱ्याला मात्र घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे खोटंच सांगतायत लोकांना!" मी म्हटलं, "ह्यालाच वाचक म्हणतात."

शेवटचं प्रकरण आम्ही एका रविवारी सकाळी वाचलं. तोवर आबांचा दुसरा डोळाही झाला होता. त्या गावात पाइपलाइनने पाणी येतं. नळाला हार घालतात, पेढे वाटतात, लोक नाचतात. बाई टँकरला टेकून उभी असते. सगळ्यांच्या आनंदात तीही आनंदी आहे, पण आता तिला काम नाही. म्हातारी घरी झोपलेली. बाई केबिनमध्ये चढते, इंजिन सुरू करते आणि रिकामा टँकर पूर्वेच्या रस्त्याला लावते. तिथे संपतं.

मी पुस्तक मिटलं. मला हा शेवट फार आवडला होता.

"फुडं," आबा म्हणाले.

"संपलं."

"संपलं कसं? ती गेली कुठं?"

"ते आपण ठरवायचं आबा."

"आपन?" आबा ताडकन उठले. "लिवणारा त्यो, आनि ठरवायचं आपन? गाडीत डिझेल किती हाय, ती चाललीया कुठं, परत येनार का न्हाई, कायच न्हाई? हुकूम अर्धाच देऊन सायेब निगून गेला तर पलटनीनं काय करायचं?"

मी समजावायला गेले. म्हटलं, आयुष्यात सगळ्याचा निकाल लागत नाही, तिचं निघणं हाच शेवट. आबांना ते अजिबात पटलं नाही. दुपारी जेवताना पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. नवरा दोघांच्या मध्ये बसून भाकरी खात होता आणि म्हणत होता, "अहो, पण ती बाईच नाहीये!" कुणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हतं. मला आठवतंय, त्या दिवशी मी फार सुखात होते. कादंबरीवर घरात भांडण व्हावं, ही माझी केवढी जुनी इच्छा.

चार दिवसांनी आबा म्हणाले, "जतला जाऊ या. तुझ्या मावशीला ऐकवू. तिला पटतंय का बघू."

मावशी म्हणजे सासूबाईंची ती बहीण. सासूबाईंच्या दिवसांनंतर आमचं तिकडे जाणं झालं नव्हतं. मला एका शनिवारी सुट्टी मिळाली. नवऱ्याने गाडी काढली. सांगली सोडली की हळूहळू ऊस मागे पडतो, मग द्राक्षांचे मांडव विरळ होत जातात, आणि जतच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळूचं रान आणि मेंढरं. एका ठिकाणी खराच टँकर समोरून आला. आबांनी मान वळवून केबिनमध्ये कोण आहे ते बघितलं. पुरुष होता. आबा जरा हिरमुसले.

मावशींनी आम्हाला बघून आधी डोळ्यांना पदर लावला आणि मग लगेच भाकऱ्या थापायला बसल्या. त्या मराठी बोलतात, पण बाजारापुरतं. जेवणं झाल्यावर आबांनी त्यांना येण्याचं कारण सांगितलं. मावशी म्हणाल्या, "पुस्तक? आवं दाजी, मला पुस्तकातलं मराठी कळतंय व्हय? आनि ह्या बायांना तर कायच कळायचं न्हाई." पाहुणे आल्याचं कळून शेजारच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या येऊन ओसरीवर बसल्या होत्या. त्या पलीकडच्या, निव्वळ कानडी.

आबा म्हणाले, "तू वाच पोरी. फुडचं मी बघतो."

मी वाचायला लागले. एक परिच्छेद झाला की थांबायची, आणि आबा तो कानडीत सांगायचे. सुरुवातीला जरा चाचपडत, मग सरळ, मग हातवारे करून. गिअर टाकायचा आला की हाताने गिअर टाकत. सासूचं बोलणं आलं की आवाज बारीक करून, ओठ मुडपून. म्हाताऱ्या एकमेकींना ढोसत हसत होत्या. मी जरा पाणी प्यायला थांबले की "मुंद? मुंद?" म्हणून ओरडायच्या. मुंद म्हणजे पुढे. माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर दाद कुठल्याही पुस्तकाला मिळालेली बघितलेली नाही. आणि माझा नवरा, ज्याला खोट्या गोष्टींत रस नाही, तो वडिलांकडे तोंड उघडं टाकून बघत होता. त्याने ती भाषा वडिलांच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती.

मावशीही हसत होत्या. आणि मग त्यांचं हसू एकदम थांबलं.

"दाजी," त्या म्हणाल्या. "तुमाला कानडी कवापासनं येतंय?"

आबा थांबले. मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पण ते म्हणाले, "लग्नाच्या आदीपासनं."

मावशींनी तोंडावर हात ठेवला.

"कळ्ळ!" त्या ओरडल्या. कळ्ळ म्हणजे चोर. "कळ्ळ हायसा तुमी दाजी!" आणि त्यांनी म्हाताऱ्यांना भराभर काहीतरी सांगितलं, तशा त्याही टाळ्या पिटत "कळ्ळ, कळ्ळ" करायला लागल्या. आबांची मान खाली. सुभेदाराला असं ओशाळलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

हसून हसून मावशींना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे अक्का खरं सांगत हुती."

आबांनी वर बघितलं. "काय सांगत हुती?"

"की ह्यांना सगळं कळतंय म्हनून. मी म्हनायची, कायतरीच काय. मिल्ट्रीतला मानूस, त्येला कुठलं कानडी. ती म्हनली, थांब, तुला दाकवते. तवा तुमच्या मिशा केवड्या हुत्या! एक दिवस फोनवर मला मोट्यांदा म्हनली, ह्या मिशा ह्यांना शोबत न्हाईत, तोंड बोक्यासारकं दिसतंय. आनि दुसऱ्या दिवशी फोन करून नुसती हसायला लागली. तुमी सकाळीच मिशा बारीक करून आला हुता."

आबांचा हात आपोआप ओठावर गेला.

"मला तरी खरं वाटलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, योगायोग आसंल. पर ती तवापासनं तसंच करायची. तुमाला तोंडावर बोलायची तिची शामत न्हवती. मग मला फोन करायची, म्हनायची, तू नुसतं हं हं म्हन. आनि तुमाला काय सांगायचं आसंल ते मोट्यांदा बोलायची. थोरल्याला रागावू नका म्हनून. शेताची वाटनी आत्ताच करू नका म्हनून. मी आपली हितं हं हं करत बसायची, निम्म्या बोलन्याचं मला कायच कळायचं न्हाई."

थोरला म्हणजे माझा नवरा. त्याने मान दुसरीकडे फिरवली.

अंगणात मेंढराचं एक पिल्लू ओरडत होतं. आबा हळू म्हणाले, "म्हंजे ती माज्याशीच बोलत हुती."

"मग काय माज्याशी?" मावशी म्हणाल्या. "मला काय करायच्यात तुमच्या मिशा?"

आबांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून मी रुमाल घेऊन उठले. मावशींनी मला हाताने थांबवलं. "सुम्म कूडरि दाजी," त्या म्हणाल्या. गप बसा म्हणजे. पण आवाज अगदी मऊ होता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हं पोरी. मुंद?"

आणि मी वाचलं. दुसरं काय करणार? त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून आम्ही मधली बरीच पानं गाळत शेवटापर्यंत आलो. रिकामा टँकर पूर्वेच्या रस्त्याला लागला. आबांनी मुद्दाम माझ्याकडे न बघता कानडीत तो शेवट सांगितला आणि निकालाची वाट बघत बसले.

मावशी म्हणाल्या, "म्हातारीला का न्हाई घेतलं संगं?"

ह्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

"रोज शेजारी बसनारी बाई," मावशी तावातावाने म्हणाल्या, "तिला झोपलेली सोडून जायचं? लिवनाऱ्याला आई न्हाई का?" म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकीने लांबलचक काहीतरी सांगितलं. आबांनी भाषांतर केलं, की तिच्या मते म्हातारी झोपलेली नाहीच, ती नुसती पडून आहे आणि सून परत कधी येते ते बघतेय. तिसरी म्हणाली, टँकर विकायला नेला असेल. त्यावरून त्यांचं आपसात जुंपलं आणि आम्ही निघालो तरी ते मिटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर आबा पुढच्या सीटवर बसले होते. जत मागे पडल्यावर माझ्या नवऱ्याने विचारलं, "आबा, आई मला रागावू नका असं कधी म्हणाली होती?"

"तू बारावीला नापास झालास तवा."

"म्हणून तुम्ही काही बोलला नाहीत?"

"म्हनून."

नवऱ्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला माझं काही पडलेलंच नाही." आबा म्हणाले, "येडा हायस." एवढंच. पण पुढे चहाला थांबलो तेव्हा दोघं बाप-लेक टपरीच्या बाकावर लागून बसले होते, मी समोर उभी राहून बघत होते, आणि मला वाटलं, आपण आता काही बोलू नये.

ह्याला आता बराच काळ झाला. आबांना चष्मा मिळाला, नंबर किरकोळ निघाला. ते गावी परत जातील असं आम्हाला वाटलं होतं. पण ते उसाच्या तोडीपुरते जातात आणि पुस्तक संपलं म्हणून परत येतात. ते माझ्यापेक्षा भराभर वाचतात, ही एक नवीन पीडा. मी कामाहून येते तोवर माझ्याच पार्सलमधली कादंबरी फोडून निम्मी झालेली असते. वर "तुला सांगत न्हाई, पर त्यो वकील काय सरळ वाटत न्हाई" असं बोलून माझी मजा घालवतात. आमच्या आवडीही जुळत नाहीत. मला एका माणसाच्या मनात खोल उतरणाऱ्या, संथ कादंबऱ्या आवडतात. आबांना काम लागतं. कादंबरीतल्या माणसाने काहीतरी चालवलं पाहिजे, बांधलं पाहिजे, पेरलं पाहिजे. नुसता खिडकीत बसून विचार करणारा नायक आला की ते म्हणतात, "ह्येला कुनीतरी उटवा." स्ट्रॉबेरीच्या मळ्यावरची एक कादंबरी त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती बागेतल्या काकांना वाचायला दिली. ती अजून परत आलेली नाही. मी आठवण करते तेव्हा ते म्हणतात, "चार घरी फिरतीया. फिरू दे."

सध्या आमच्याकडे कोयनानगरची एक कादंबरी चालू आहे. धरणाच्या वसाहतीत वाढलेली दोन भावंडं, आणि थोडी जमीन हलली तरी अंगणात येऊन उभं राहायची सवय झालेली त्यांची आई. मला ती पहिल्या पानापासून धरून बसली आहे. आबा मात्र तिसऱ्या प्रकरणात अडकलेत. त्यांचं म्हणणं, घाटातल्या ज्या वळणावर ते भाऊ-बहीण भेटतात तिथे गाडी उभी करायला जागाच नाही. मी म्हटलं, असेल, तुम्ही पुढे वाचा. ते म्हणाले, गाडी कुठं लावली ते कळल्याबिगर माझं मन लागत न्हाई. आज सकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं, पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवता येईल का. तो हो म्हणाला. मी घाटात न्यायच्या डब्याला काय करायचं ते बघतेय.